औषध लागू पडेनासे का होते : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास



आपल्या गावात पुराला ‘रेल’ म्हणतात, हे इथे वाढलेल्या कुणाला सांगायला नको. ऑगस्ट २००६ च्या रेलीत अडाजणमधले आमचे थोरले घर तळमजल्यापर्यंत बुडाले. वीज नाही, टेलिफोन बंद, दूध नाही. घरातली माणसे वरच्या मजल्यावर बसून होती आणि खालच्या कपाटात, पाण्याखाली, माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या गोळ्या होत्या. आम्ही सगळे त्यांना माई म्हणायचो. माईंना फुफ्फुसाचा कर्करोग होता, चौथ्या टप्प्याचा. त्यांनी जन्मात कधी विडी-सिगारेटला हात लावला नव्हता, मशेरीही नाही. आधी काही महिने क्षयाचे म्हणून उपचार झाले, तेही कुणा एकाच्या चुकीने म्हणता येणार नाही. आपल्याकडे छातीच्या क्ष-किरण चित्रावर सावली दिसली की पहिला संशय क्षयावरच जातो. मग मुंबई, तपासणीसाठी छातीतून काढलेला तुकडा, आणि २००५ च्या उन्हाळ्यापासून रोज एक गोळी : गेफिटिनिब.

गोळी विलक्षण लागू पडली. तीन आठवड्यांत खोकला गेला. माई पुन्हा जिना चढू लागल्या, पुरणपोळ्या लाटू लागल्या, श्रावणात मंगळागौरीला रात्रभर जागल्या. असे एक वर्ष गेले. मग रेल आली, आणि सहा दिवस गोळी मिळाली नाही. पाणी उतरल्यावर माझा पुतण्या चिखल तुडवत स्टेशनवर गेला, मिळेल त्या गाडीने मुंबई गाठून गोळ्या घेऊन आला. दिवाळीआधीच्या तपासणीत गाठ वाढलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, औषध आता लागू पडत नाही. २००७ च्या होळीनंतर माई गेल्या.

तेराव्याच्या दिवशी पुतण्याने मला बाजूला घेतले. मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून मला विचारले. “काकू, त्या सहा दिवसांमुळे झालं का?”

आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. मी डॉक्टर नाही. पण औषध लागू पडेनासे का होते, हा प्रश्न माणसाने गेल्या ऐंशी वर्षांत कसा सोडवत नेला, त्याचा इतिहास मी पुढे पुष्कळ वाचला, आणि त्यातला बराचसा भाग आपल्या मुलखाला लागून जातो. म्हणून तो आपल्यापुढे ठेवते.

पुतण्याच्या मनातला नियम कुठून आला होता हे आधी पाहू. तो क्षयाचा नियम होता. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर आपण सर्वांनी वाचलेला : उपचार अर्धवट सोडाल तर जंतू औषधाला जुमानेनासे होतील. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने या शहराने टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुली अक्षरशः फुटाण्यासारख्या खाल्ल्या, दुकाने रिकामी झाली, तेव्हाही कुणीतरी म्हणत होतेच की अर्धा कोर्स घेऊ नका. नियम खरा आहे. पण तो का खरा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ‘का’ सुटले की नियम भलत्या ठिकाणी लावला जातो.

स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले खरे औषध. इंग्लंडच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्याची चाचणी घेऊन १९४८ मध्ये निष्कर्ष छापले. पहिल्या सहा महिन्यांत औषध घेणारे रुग्ण स्पष्टपणे सुधारले होते. पण त्यांतल्या बहुतेकांच्या थुंकीतले जंतू तोवर स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते, आणि पाच वर्षांनी पाहिले तेव्हा औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या रुग्णांच्या मृत्यूंत फारसा फरक उरला नव्हता. लक्षात घ्या, या रुग्णांनी उपचार चुकवले नव्हते. रुग्णालयात, परिचारिकांच्या नजरेखाली, नेमाने टोचून घेतले होते. चूक एकच होती, ती म्हणजे औषध एकटे होते. १९५० पर्यंत त्याच्या जोडीला पास नावाचे दुसरे औषध देऊन पाहिले आणि हे दुखणे बरेच आवरले. एका औषधातून निसटणारा जंतू लाखांत एखादा असतो. दोन्हींतून एकाच वेळी निसटणारा मिळणे त्याहून कितीतरी दुर्मीळ. भिंतीवरच्या नियमाचे मूळ हे आहे.

पण तो लाखांतला एखादा जंतू येतो कुठून? औषध पाहून तो बदलतो, की बदललेला तो आधीच गर्दीत उभा असतो?

हा प्रश्न १९४३ मध्ये सुटला, आणि तो कसा सुटला ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. साल्वाडोर लुरिया हा इटलीतून परागंदा झालेला तरुण डॉक्टर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात जंतूंना मारणाऱ्या विषाणूंवर काम करत होता. विषाणू टाकला की जवळजवळ सगळे जंतू मरत, मोजके उरत, आणि त्यांची प्रजा विषाणूला अजिंक्य असे. एका संध्याकाळी प्राध्यापकांच्या मेजवानीत त्याचा एक सहकारी नाणी टाकायच्या जुगाराच्या यंत्राशी खेळत होता. बराच वेळ काही नाही, काही नाही, आणि मग एकदम खळखळ करून ढीगभर नाणी. लुरियाला तिथेच सुचले. समजा मी जंतूंच्या पुष्कळ वेगवेगळ्या नळ्या भरल्या, प्रत्येकीत अगदी थोडे जंतू सोडून ते वाढू दिले, आणि मग सगळ्यांवर विषाणू टाकला. विषाणूच जर जंतूंना बदलत असेल, तर प्रत्येक नळीत साधारण सारखेच जंतू वाचतील. पण बदल जर आधीच, आपापला, केव्हाही घडत असेल, तर बहुतेक नळ्यांत शून्य किंवा एखाददुसरा, आणि जिथे तो फार लवकर घडला त्या नळीत घबाड! तसेच निघाले. मॅक्स डेलब्रुक या भौतिकशास्त्रज्ञाने त्याचे गणित मांडले.

गणित पटते, पण डोळ्यांना दिसत नाही. ते दाखवले विस्कॉन्सिनमध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या दांपत्याने, १९५२ मध्ये. आणि दाखवले कापडाने. सुरतेत कापडाचा विषय निघाल्याशिवाय व्याख्यान पुरे होत नाही, म्हणून हे मला विशेष आवडते. एका बशीत जंतूंच्या शेकडो वसाहती वाढलेल्या. लाकडी ठोकळ्यावर मखमल ताणून बसवायची, तिचे तोंड बशीवर हलकेच टेकवायचे. मखमलीची लव प्रत्येक वसाहतीतले थोडे जंतू उचलते. मग तीच मखमल औषध घातलेल्या दुसऱ्या, तिसऱ्या बशीवर टेकवायची. छापील साडीवर ठसा उमटावा तसा मूळ बशीचा नकाशा उमटतो. औषधाच्या बशांत एकदोनच वसाहती वाढल्या, पण प्रत्येक बशीत अगदी त्याच जागी. मग ते मूळ बशीकडे परतले, त्या जागचे जंतू उचलले. या जंतूंनी औषध कधी पाहिलेच नव्हते. तरी ते औषधाला जुमानत नव्हते. जोशुआला १९५८ चे नोबेल मिळाले. एस्थरला नाही. तिच्या वाट्याला पुढच्या पिढ्यांनी हळहळणे आले.

आता कर्करोगाकडे. इथे वाट मुंबईतून जाते. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज वैद्यक संशोधक मुंबईला आली. गरोदरपणात रक्त पाण्यासारखे होऊन बाया दगावत, त्यांत गिरणीकामगार बायका पुष्कळ. त्यांच्या खाण्यापिण्याचा तिने बारकाईने अभ्यास केला आणि यीस्टचा अर्क, मार्माइट नावाचा स्वस्त, काळाकुट्ट पदार्थ, देऊन पाहिला. रक्त सुधारले. १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य पुढे पालकाच्या पानांत सापडले आणि त्याला लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून फोलिक आम्ल हे नाव मिळाले. आजही प्रत्येक गरोदर बाईला ज्या गोळ्या देतात, त्या याच.

नवे रक्त बनायला फोलिक आम्ल लागते, तर रक्ताच्या कर्करोगात पेशींना त्याचीच उपासमार घडवावी, हा विचार बोस्टनच्या सिडनी फार्बर या बालरोगांच्या विकृतितज्ज्ञाचा. त्यासाठी लागणारी नकली फोलिक आम्ले बनली येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातल्या भीमावरमच्या माणसाच्या देखरेखीखाली, लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत. १९४८ मध्ये फार्बरने १६ मुलांचा वृत्तान्त छापला. दहा मुले सुधारली होती. मरणाच्या दारातली मुले उठून खेळू लागली. काही महिन्यांनी रोग परतला. सगळ्यांचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव न्यूयॉर्कमध्ये वारले.

माईंच्या त्या एका वर्षाचे वर्णन मला प्रथम याच सोळा मुलांच्या गोष्टीत वाचायला मिळाले.

१९५२ मध्ये, मखमलीच्याच वर्षी, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या लॉ या संशोधकाने लुरियाची नळ्यांची युक्ती उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर चालवून पाहिली. फोलिक आम्लाच्या नकली भावंडांना न जुमानणाऱ्या पेशी औषध देण्याआधीच तिथे होत्या. कर्करोगाच्या पेशी या बाबतीत जंतूंसारख्याच निघाल्या. त्या पेशींत नेमके काय बदलते, हे कळायला मात्र १९७८ उजाडले. कॅलिफोर्नियात रॉबर्ट शिम्के यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की औषध ज्या प्रथिनाला पकडते, त्याच प्रथिनाच्या जनुकाच्या ढीगभर प्रती या पेशींनी करून ठेवल्या होत्या. औषध दहांना पकडील, शंभरांना पकडील, उरलेल्यांचे काय? जनुकाच्या प्रती वाढवण्याची ही चाल लक्षात ठेवा, ती फुफ्फुसात पुन्हा भेटणार आहे.

फुफ्फुसाकडे जाण्याआधी थोडे घरचे. आपल्या शेजारची नवसारी गायकवाडांची. आपल्यापैकी निम्म्या घरांचे पूर्वज त्या राज्याच्या नोकरीच्या निमित्ताने या बाजूला आले. जमशेटजी टाटांचा जन्म तिथलाच, १८३९ चा. त्यांची थोरली सून, सर दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई, १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या दुःखातून रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट उभा राहिला, आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तिथल्या प्रयोगशाळेला आकार दिला तो वसंत रामजी खानोलकरांनी, आणि त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांनी या देशात ऊतिसंवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, पहिली प्रयोगशाळा चालवली. सुरतेहून सकाळची गाडी पकडून हातात फायलींची पिशवी घेऊन परळला जाणारी माणसे या सभागृहातही असतील. ती कोणत्या इतिहासाच्या दारात जाऊन उभी राहतात, ते ठाऊक असावे.

माईंची गोळी निघाली त्या वेळी तिचा खरा गुण तिच्या निर्मात्यांनाही ठाऊक नव्हता. पेशीच्या पृष्ठभागावर ‘वाढ’ असा निरोप घेणारे एक प्रथिन असते, इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला ईजीएफआर म्हणतात. त्याला अडवणारे गेफिटिनिब २००२ मध्ये जपानात, २००३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पाश्चात्य रुग्णांत दहांतल्या एखाद्यालाच गुण येई. जपान्यांत जास्त जणांना. त्यातही बायकांना, आणि कधी धूम्रपान न केलेल्यांना अधिक. का, कुणाला कळेना. २००४ च्या वसंतात बोस्टनमधल्या दोन गटांनी, त्यांतला एक फार्बरच्याच नावाच्या संस्थेतला, उत्तर दिले. एका गटाने ज्यांना गोळी लागू पडली अशा ९ रुग्णांच्या गाठी तपासल्या. ८ जणांच्या ईजीएफआर जनुकात बिघाड सापडला. ज्यांना लागू पडली नाही अशा ७ जणांत एकालाही नाही. बिघाडामुळे निरोपाचे बटण सतत चालूच राहिलेले, आणि पेशी त्या बटणावर इतकी विसंबलेली की ते बंद करताच ती मरे. पुढे टाटा रुग्णालय आणि खारघरचे त्यांचे संशोधन केंद्र यांनी ९०७ भारतीय रुग्ण तपासले आणि २०१३ मध्ये सांगितले की शंभरांत सुमारे २३ जणांत हा बिघाड आहे. म्हणजे युरोपीय लोकांपेक्षा अधिक, जपानी-चिनी लोकांपेक्षा कमी. माई त्या तेविसांतल्या असणार. असणार म्हणते, कारण २००५ मध्ये इथे ही चाचणी सर्रास होत नव्हती. वय, बाईमाणूस, धूम्रपान नाही, आणि तुकड्यात दिसलेला कर्करोगाचा प्रकार, एवढ्यावर अंदाजाने गोळी दिली जाई.

गोळी लागू पडेनाशी का होते, याचे पहिले उत्तर छापून आले २००५ च्या फेब्रुवारीत. माईंनी पहिली गोळी घेतली त्याच्याही काही महिने आधी. मला हे पुष्कळ उशिरा कळले आणि कळले तेव्हा बरा वेळ काही सुचले नाही.

उत्तर एका अक्षराचे होते. याच सुरतेत १८४० च्या दशकात दादोबा पांडुरंग तर्खडकर शिक्षक होते. मराठीचे व्याकरण लिहून ते इथे आले, आणि १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्मसभा काढणाऱ्यांत ते होते. एका अक्षराने शब्दाचे काय होते हे त्यांना सांगायला नको होते. ‘पान’चे ‘दान’ होते, ‘घर’चे ‘ज्वर’ व्हायला जरा जास्त लागते. जनुकाची लिपी चार अक्षरांची, ए, सी, जी, टी. तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द, आणि प्रत्येक शब्द प्रथिनाच्या माळेतल्या एका मण्याचे नाव. ईजीएफआरच्या माळेत ७९०व्या जागी एसीजी असे लिहिलेले असते, म्हणजे थ्रिओनिन हा मणी. औषधाला न जुमानणाऱ्या गाठींत मधल्या सीच्या जागी टी झालेला सापडला : एटीजी, म्हणजे मेथिओनिन. या बदलाचे नाव टी७९०एम. जनुकसंग्रहातली सगळी मिळून सुमारे तीनशे कोटी अक्षरे, त्यांतले एक.

एका मण्याने एवढा फरक का पडावा? प्रथिनात एक खोबण असते. तिथे पेशीचे इंधन, एटीपी, येऊन बसते तेव्हा बटण चालू होते. गेफिटिनिब त्याच खोबणीत बसून एटीपीची जागा अडवते. आपल्या गाडीतल्या रुमालासारखे : खिडकीतून रुमाल टाकला, जागा धरली, दुसरा आला तर तो उभा राहील. पहिल्यांदा वाटले होते की टी७९०एममुळे खोबण अरुंद होते आणि रुमाल आत शिरत नाही. २००८ मध्ये दिसले की गंमत निराळी आहे. रुमाल शिरतो. पण या बदलानंतर एटीपीचा त्या जागेवरचा दावा इतका घट्ट होतो की तो रुमाल उचलून बाजूला ठेवतो आणि बसतो. रक्ताच्या एका जातीच्या कर्करोगात इमॅटिनिब या गोळीच्या बाबतीत २००१ मध्ये असाच बदल, खोबणीच्या अगदी तशाच जागी, सापडला होता. वेगळा अवयव, वेगळे प्रथिन, वेगळी गोळी, आणि अडचण त्याच उंबरठ्यावर. त्या जागेला शास्त्रज्ञ द्वारपाल म्हणतात.

२०११ मध्ये बोस्टनच्याच डॉक्टरांनी औषध लागू पडेनासे झालेल्या ३७ रुग्णांच्या गाठींचा पुन्हा तुकडा घेऊन काय झाले ते पाहिले. सुमारे निम्म्यांत टी७९०एम. दोघांत मेट नावाच्या दुसऱ्याच जनुकाच्या ढीगभर प्रती, ती शिम्के यांची जुनी चाल. मुख्य दार बंद केले तर पेशीने परसदार उघडले. आणि पाच जणांत तर गाठीने जातच बदललेली, लहान पेशींच्या वेगळ्याच कर्करोगात रूपांतर. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, जी मी दोनदा वाचली. काही रुग्णांची गोळी थांबवल्यावर काही काळाने पुन्हा तुकडा घेतला, तर टी७९०एम तिथे दिसेनासा झाला होता. गोळीचा दाब गेल्यावर साध्या पेशींनी पुन्हा गर्दी केली होती.

इथे पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर येते. एक सेंटिमीटरच्या गाठीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत पेशी असतात. पेशी दुभंगताना नक्कल उतरवते आणि नकलेत चुका होतात. इतक्या गर्दीत ७९०व्या जागची ती एक चूक कुठेतरी आधीच झालेली असण्याचा संभव मोठा. माईंनी पहिली गोळी घेतली तेव्हा बाकीच्या पेशी मरू लागल्या आणि त्या थोड्यांना मोकळे रान मिळाले. त्यांना वाढवले असेल तर रोज नेमाने घेतलेल्या गोळीने. सहा दिवस गोळी नव्हती तेव्हा उलट त्यांचा तोरा कमीच झाला असेल. गोळ्या चुकवाव्यात, असा याचा अर्थ मुळीच नाही. गोळी थांबली की दबलेल्या पेशी उसळतात आणि माणूस पुन्हा धापा टाकू लागतो. पण औषधाला न जुमानणारी पेशी त्या सहा दिवसांनी घडवली नाही. रेलीने घडवली नाही. खालच्या कपाटात गोळ्या ठेवणाऱ्यानेही नाही.

हे सगळे इतके सरळ असते तर बरे होते. २०१० मध्ये काही संशोधकांना दिसले की औषधाच्या माऱ्यात थोड्या पेशी कोणताही बदल न होता नुसत्या दबा धरून राहतात, वाढत नाहीत आणि मरतही नाहीत. २०१६ मध्ये कळले की टी७९०एम दोन्ही वाटांनी येतो : कधी पहिल्यापासून गर्दीत असतो, कधी या दबा धरून बसलेल्यांपैकी एखादीत मागाहून घडतो. म्हणजे लुरिया बरोबर, पण त्याच्या विरुद्ध बाजूचेही अगदीच चूक नव्हते. तरीही कोणत्याही वाटेत सहा दिवसांची खोट कुठे बसत नाही.

पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे पहिल्याच दिवशी ठरलं होतं?” दोषातून सुटका झाल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता. मी त्याला हो म्हणू शकले नाही, नाही म्हणू शकले नाही.

पुढची कथा चटकन सांगते. रुमाल उचलला जातो, तर सामान साखळीने बांधावे. रात्रीच्या गाडीत बाकाखाली कडी असते, तिला आपण बॅग साखळी-कुलपाने बांधतो. खोबणीच्या काठावर ७९७व्या जागी सिस्टीन नावाचा मणी असतो, त्याला रासायनिक बंध जोडता येतो. ओसिमर्टिनिब ही गोळी त्याला स्वतःला कायमची बांधून घेते. मग एटीपी कितीही हट्ट करो. अमेरिकेत तिला नोव्हेंबर २०१५ मध्ये मान्यता मिळाली. २०१८ मध्ये ही गोळी पहिल्यापासूनच दिली तर रोग सरासरी १९ महिने आवरून राहतो, जुन्या गोळ्यांनी १० महिने, असे एका मोठ्या चाचणीने दाखवले. २०१६ पासून टी७९०एम आहे की नाही हे पाहायला प्रत्येक वेळी छातीत सुई घालावी लागत नाही, रक्तात तरंगणारे गाठीचे जनुकद्रव्य तपासूनही ते कळू शकते. आणि पेशींनी काय केले? कडीच काढून टाकली. ७९७व्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन. पुन्हा एक अक्षर. हे प्रथम छापून आले २०१५ मध्येच, गोळीला मान्यता मिळाली त्याच वर्षी.

अशा वेळी मला १९५० आठवते. परळच्या डॉक्टरांनाही बहुधा तेच आठवले असावे. डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ पासून ३५० रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना माईंचीच जुनी गोळी, निम्म्यांना ती गोळी आणि जोडीला पहिल्या दिवसापासून साधी केमोथेरपी. नवी महागडी गोळी नाही, तिची वाट पाहणे नाही. २०२० मध्ये निष्कर्ष छापले गेले. नुसत्या गोळीने रोग ८ महिने आवरला, जोडीने १६ महिने. त्याची किंमत रुग्णांनी मोजली : गंभीर त्रास शंभरांत २५ जणांऐवजी ५१ जणांना झाला. जपानमध्येही त्याच सुमाराला अशीच जोडी करून पाहिली गेली. पुढे ओसिमर्टिनिबच्या जोडीला केमोथेरपी देऊनही फायदा दिसला. पैशाचे गणित आपल्याकडे वेगळे मांडावे लागते हे खरेच. याच कुळातल्या एर्लोटिनिब गोळीची भारतीय आवृत्ती सिप्लाने २००८ मध्ये मूळ गोळीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत आणली, तेव्हा प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले होते आणि न्यायालयाने विक्री थांबवायला नकार दिला होता. पण परळच्या चाचणीचे श्रेय स्वस्ताईत नाही. स्ट्रेप्टोमायसिनच्या सोबतीला पास, हा क्षयाचा धडा तिथे योग्य जागी लावला गेला.

मागच्या वर्षी पुतण्याने विचारले, माईंचा तुकडा रुग्णालयात अजून असेल का? असे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, वर्षानुवर्षे टिकतात, आणि आज त्यांतून जनुकाची अक्षरे वाचता येतात. मी म्हटले, असेल कदाचित. त्यातून माईंचे बटण कुठे बिघडले होते ते कळेल. पण ७९०व्या जागी शेवटी काय लिहिले गेले ते कळणार नाही. तो तुकडा २००५ चा, पहिल्या गोळीच्या आधीचा. औषध लागू पडेनासे झाल्यावर पुन्हा तुकडा घेण्याची रीत तेव्हा पडायची होती. दुसरा तुकडा कुणी काढलाच नव्हता.